एक दिवस, दोन तिकिटे आणि पायी रोम

नाशिकहून युरोपला जाणाऱ्या बहुतेक मंडळींच्या कार्यक्रमात रोमच्या वाट्याला एकच पूर्ण दिवस येतो. अशा दिवसासाठी काय काय पाहायचे याची यादी करत बसण्याऐवजी काय सोडायचे हे आधी ठरवावे, असे माझे मत आहे. तिकीट काढून आत जाण्याची ठिकाणे दोनच ठेवावीत, एक सकाळी आणि एक दुपारी, आणि उरलेला दिवस पाय, गल्ल्या आणि पाणी यांच्यावर सोपवावा. पाणी हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. जे गाव गोदावरीला नुसते 'गंगा' म्हणते आणि 'गंगेवर जाऊन येतो' असे सांगून संध्याकाळी घराबाहेर पडते, त्या गावच्या माणसाला रोम पाण्याच्या वाटेने गेल्यास सर्वांत लवकर कळते. म्हणून व्हॅटिकनची संग्रहालये या दिवसात घेऊ नयेत, त्यांना स्वतंत्र दिवस लागतो. 'स्पॅनिश स्टेप्स' या प्रसिद्ध पायऱ्याही मी सोडायला सांगतो. त्या सुंदर आहेत, परंतु २०१९ पासून त्यांच्यावर बसल्यास दंड होतो, आणि ज्या पायरीवर टेकता येत नाही तिच्यासाठी वाकडी वाट करण्यात अर्थ नाही.

दिवसभराचे चालणे आतली फिरस्ती धरून दहा ते बारा किलोमीटर होते. आकडा मोठा नाही, पण जमीन आपल्या सवयीची नाही. जुन्या रोमचे रस्ते 'साम्पिएत्रिनी' नावाच्या काळ्या ज्वालामुखी दगडाच्या मुठीएवढ्या ठोकळ्यांनी फरसबंद केलेले आहेत. त्यांच्या फटींत पाऊल किंचित वाकडे पडत राहते आणि सायंकाळपर्यंत घोटे बोलू लागतात. गोल्फ क्लब मैदानाच्या सपाट मार्गावर रोज चार फेऱ्या मारणाऱ्यांनी त्या भरवशावर राहू नये. त्याऐवजी निघण्यापूर्वी तीन-चार रविवार रामकुंडापासून तपोवनापर्यंत पायी जाऊन परत यावे, किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढाव्यात, आणि हे सर्व त्याच बुटांत करावे जे बूट तिकडे घालायचे आहेत. प्रवासासाठी म्हणून नवे बूट घेऊन ते पहिल्यांदा विमानतळावरच घालणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांतला एक मीच होतो, आणि दुपारी दोन वाजता औषधाच्या दुकानात खुणा करून टाचेची पट्टी मागण्याचा प्रसंग माझ्यावर आला.

दोन तिकिटांपैकी पहिले कोलोसियमचे. ते आधीच संकेतस्थळावरून काढावे, सकाळी साडेआठची किंवा तिच्या लगतची वेळ घ्यावी, आणि तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळते आहे ना, हे पाहावे, कारण तिकिटे नावानिशी दिली जातात आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासतात. मराठी घरांत ही अडचण हमखास येते. आमच्या मुलाने तिकिटे काढताना आईचे सासरचे नाव लिहिले आणि तिच्या पासपोर्टवर लग्नाआधीचे नाव कायम होते. जन्मतारीख आणि माझा चेहरा पुढे करून आम्ही कसेबसे आत गेलो, पण आमच्या मागे खोळंबलेल्या रांगेची नजर विसरण्यासारखी नव्हती. याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि पॅलाटाइन टेकडी ही शेजारची दोन्ही स्थळे येतात. दुसरे तिकीट पँथिऑन या घुमटाच्या प्राचीन देवळाचे. तेथे पूर्वी प्रवेश मोफत होता, २०२३ च्या जुलैपासून पर्यटकांना शुल्क लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळे फुकट पाहता येतात, म्हणून त्या दिवशी जाण्याचा मोह होतो. पैसे वाचतात आणि सकाळ रांगेत जाते, तेव्हा मी तो रविवार टाळीन. ऋतूचे विचाराल तर एप्रिल आणि ऑक्टोबर उत्तम. ऑगस्टचे ऊन नाशिकच्या मे महिन्याची आठवण करून देते, आणि सावली देणारे झाड फोरममध्ये शोधावे लागते.

दिवसाची सुरुवात पहाटे करावी. काकड आरतीला उठणाऱ्या घरातल्या माणसांना हे सांगावे लागू नये. सहा-साडेसहाला ट्रेव्ही कारंज्यापाशी पोहोचावे, कारण दहानंतर तेथे माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नाही आणि पहाटे मात्र पाण्याचा आवाज दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येतो. हे कारंजे एका वाड्याच्या मागच्या भिंतीलाच लगटून उभे आहे, जणू भिंतच फोडून समुद्रदेव आपला रथ घेऊन बाहेर आला आहे. सुमारे २६ मीटर उंच आणि ४९ मीटर रुंद असलेले हे काम निकोला साल्वी या वास्तुकाराने १७३२ मध्ये हाती घेतले, तो १७५१ मध्ये वारला, आणि कारंजे १७६२ मध्ये पुरे झाले. नाणे टाकायचेच असेल तर पाठमोरे उभे राहून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून टाकावे. म्हणजे रोमला परत येणे होते, असे मानतात. आपल्याकडे कुंडातले नाणे बुडी मारणाऱ्या पोराच्या हाती लागते, तेथे ती नाणी गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला देतात. काही सकाळी हे काम आणि साफसफाई चालू असते, तेव्हा हौद कोरडा दिसला तर नशिबाला दोष न देता पुढे निघावे. पाण्यात पाय घालू नयेत, दंड मोठा आहे.

एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी, ती दुपारी उपयोगी पडते. या कारंज्याला 'अक्वा व्हर्गो' या जलवाहिनीचे पाणी मिळत आले आहे, आणि ती इसवी सनपूर्व १९ मध्ये आग्रिप्पा नावाच्या माणसाने शहरात आणली. तो सम्राट ऑगस्टसचा जावई होता.

ट्रेव्हीपासून कोलोसियम दीड किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत एखाद्या बारमध्ये न्याहारी उरकावी. तेथे बार म्हणजे कॉफीचे दुकान, हे नाशिकहून प्रथमच जाणाऱ्या ज्येष्ठांना आधी सांगून ठेवलेले बरे. काउंटरपाशी उभ्याने कॉफी प्यायल्यास एक दर आणि टेबलाशी बसल्यास दुसरा, बराच वरचा दर असतो. भद्रकालीच्या टपरीवर उभ्याने कटिंग घेणाऱ्या माणसाला रोमची ही पद्धत लगेच अंगवळणी पडते. कॉफी प्यायल्यावर त्याच ठिकाणी स्वच्छतागृह विचारावे. सार्वजनिक स्वच्छतागृहे शोधत फिरण्यापेक्षा हा मार्ग सोपा आहे.

पुढे उजव्या हाताला पांढऱ्या संगमरवराचे विक्तोर एमान्युएल स्मारक दिसते. रोमचे लोकच त्याला 'टंकलेखन यंत्र' म्हणून चिडवतात आणि दुरून पाहिल्यावर ते पटते. त्याच्यासाठी थांबू नये. थांबावे ते समोरच्या सम्राट ट्राजनच्या स्तंभापाशी, आणि तेही सकाळीच, कारण तिरप्या उन्हात त्यावरचे कोरीवकाम उठून दिसते. इसवी सन ११३ चा हा स्तंभ सुमारे तीस मीटर उंच आहे आणि त्याच्याभोवती डेशियाच्या, म्हणजे आजच्या रोमानियाकडच्या, मोहिमांची कथा एखाद्या पोथीची पट्टी गुंडाळावी तशी खालून वर चढत जाते. नदी ओलांडणारे सैनिक आणि किल्ला बांधणारे गवंडी खालच्या फेऱ्यांत साध्या डोळ्यांनी दिसतात. टोकावर मात्र ट्राजन नाही. १५८७ पासून तेथे संत पीटर उभे आहेत.

कोलोसियममध्ये आत शिरण्यापूर्वी बाहेरच्या भिंतीजवळ पाच मिनिटे द्यावीत. उंच राहिलेल्या भागात कमानींच्या माथ्यावर रोमन आकडे कोरलेले अजून वाचता येतात. ऐंशी प्रवेश कमानींपैकी शहात्तरांना क्रमांक होते, आणि प्रेक्षकाच्या चकतीवर जो क्रमांक असेल त्याच कमानीतून त्याने आत जायचे. सुमारे पन्नास हजार लोकांची ये-जा या एका युक्तीवर चालत असे. कुंभमेळ्यात आखाड्यांच्या मिरवणुकांचे मार्ग आणि वेळा ठरवणाऱ्या नाशिकला ही अक्कल किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको. दगडांवर जागोजाग दिसणारी भोके तोफेची नव्हेत. दगड एकमेकांत जखडणाऱ्या लोखंडी पकडी मध्ययुगात लोकांनी उपसून नेल्या, त्यांच्या त्या खुणा आहेत. बांधकाम सम्राट व्हेस्पाशियनने सुरू केले, त्याचा मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये ते खुले केले, आणि खर्च भागला तो जेरुसलेमच्या लुटीतून. ती लूट खांद्यावर वाहून नेणारे सैनिक शेजारच्या टायटसच्या कमानीत आतल्या बाजूला कोरलेले आहेत, त्यांच्या हातातला सात फाट्यांचा दीपस्तंभ ओळखू येतो. कोलोसियमला सव्वा तास पुरे. मोठी पाठपिशवी आणि काचेची बाटली आत नेऊ देत नाहीत, याची आठवण ठेवावी.

फोरममध्ये गेल्यावर अनेकांची निराशा होते, कारण तेथे पडझडीखेरीज काही नाही असे प्रथम वाटते. तेथे कसे पाहावे, याचा एक उपाय सांगतो. सम्राट आंतोनिनस आणि त्याची पत्नी फाउस्तिना यांच्या मंदिरापाशी जावे. ते इसवी सन १४१ चे आहे आणि पुढे त्याच्या पोटात चर्च बांधले गेले. त्या चर्चचा दरवाजा खांबांच्या मागे, डोक्याच्या कितीतरी वर, अधांतरी लटकल्यासारखा दिसतो. दरवाजा बसवला तेव्हा जमीन तेवढ्या उंचीवर होती. शतकानुशतकांच्या गाळाने आणि राडारोड्याने फोरम बुजून गेला होता आणि लोक त्या जागेला 'गायरान' म्हणत असत, खरोखरच तेथे गुरे चरत. तो दरवाजा एकदा पाहिला की आपण खणून काढलेल्या शहराच्या तळाशी उभे आहोत, हे ध्यानात येते, आणि मग बाकीचे खांब आपोआप बोलू लागतात. जवळच ज्यूलियस सीझरचे दहन झाले ती जागा आहे. तेथे छपराखाली मातीचा एक ओबडधोबड ढीग आहे आणि त्यावर कोणीतरी ताजी फुले ठेवलेली असतात.

फोरममधून निघून कॅपिटोलाइन टेकडीवर चढावे. वरचा चौक मायकेलअँजेलोने आखलेला आहे. मधला अश्वारूढ सम्राट मार्कस ऑरेलियस ही प्रतिकृती आहे, मूळ पुतळा शेजारच्या संग्रहालयात आहे. चौकाच्या मागच्या बाजूच्या कठड्यावरून सगळा फोरम एका नजरेत आणि विनाशुल्क दिसतो. सकाळभर ज्या वाटा तुडवल्या त्या वरून ओळखण्याचा खेळ मुलांना आवडतो, आणि मोठ्यांना तेवढीच विश्रांती मिळते.

आता पिण्याच्या पाण्याविषयी, कारण येथपर्यंत बाटली रिकामी झालेली असते. रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार लोखंडी नळखांब आहेत, त्यांना 'नासोनी' म्हणतात, म्हणजे मोठी नाके. १८७४ पासून ते तेथे आहेत आणि त्यांच्यातून थंड पिण्याचे पाणी अखंड वाहत असते. खाली वाकून ओंजळ धरण्याची गरज नाही. वाकड्या नळीचे तोंड बोटाने दाबून धरावे, म्हणजे नळीच्या वरच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून पाण्याची धार कमान करून वर येते आणि उभ्याने तोंड लावता येते. पहिल्या वेळी ती हमखास नाकात जाते. बाटलीचे पाणी विकत घेण्यात शाळकरी पोरेही पैसे घालवत नाहीत, आपणही घालवू नयेत.

टेकडी उतरून पश्चिमेकडे गेल्यावर लार्गो दी तोर्रे आर्जेंतीना हा प्राचीन देवळांच्या अवशेषांचा खोलगट चौक लागतो. इसवी सनपूर्व ४४ मध्ये सीझरची हत्या झाली ती याच परिसरात. आता त्या अवशेषांत मांजरांची वसाहत आहे; रस्त्याच्या कठड्यावरूनच सर्व दिसते.

जेवण या भागात उरकावे, परंतु पँथिऑनसमोरच्या चौकात मुळीच नाही. तेथल्या एका ठिकाणी आम्ही दोन पास्ते आणि पाणी यांचे जे बिल भरले, त्यात गंगापूर रोडवर दहा जणांची पंगत उठली असती. गल्लीत आत शिरून, जेथे पिझ्झाचे लांबलचक तुकडे काउंटरवर मांडलेले असतात आणि हाताने किती हवा ते दाखवल्यावर कापून, तोलून देतात, असे दुकान शोधावे. तेथे 'एत्तो' हे माप चालते, म्हणजे शंभर ग्रॅम. शाकाहारी मंडळींनी एक बारकावा ध्यानात घ्यावा. रोमचा प्रसिद्ध 'काचियो ए पेपे' हा पास्ता दिसायला चीज आणि मिरी एवढाच असतो, पण त्यातले पेकोरिनो चीज पारंपरिक पद्धतीत कोकराच्या जठरातील विरजणाने लावतात. जे हे पाळतात त्यांनी 'मारिनारा' पिझ्झा मागावा, त्यात टोमॅटो, लसूण आणि तेल असते, चीज नसते. लसूणही वर्ज्य असलेल्यांनी नुसता पांढरा पिझ्झा, म्हणजे तेल-मीठ लावलेली जाड भाकरी घ्यावी. सोबत नाशिकहून नेलेला चिवडा असला तर तक्रारीला जागा राहत नाही. 'सुप्पली' हा भाताचा तळलेला वडा दिसायला निरागस असला तरी त्यात अनेकदा खिमा असतो, विचारूनच घ्यावा.

दुपारचे दुसरे तिकीट आता वापरायचे. पँथिऑनच्या दर्शनी पट्टीवर ठळक अक्षरांत आग्रिप्पाचे नाव आहे, तोच, ज्याने सकाळच्या कारंज्यातले पाणी आणले. गंमत अशी की आजची इमारत त्याची नव्हेच. त्याची जळून गेली आणि सम्राट हेड्रियनने इसवी सन १२६ च्या सुमारास ही उभी केली, पण नाव जुन्या माणसाचे ठेवले. साधारण त्याच शतकात आपल्या पांडवलेण्यांतले तिसरे लेणे सातवाहनांच्या शिलालेखांसह घडत होते. आत गेल्यावर प्रथम वर न पाहता मध्यभागी जाऊन मगच मान वर करावी. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे आणि जमिनीपासून माथ्याची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल चेंडू बरोबर मावेल. सिन्नरच्या गोंदेश्वरात दगडावर दगड पुढे सरकवत नेऊन छत मिटवले आहे. येथे तोच प्रश्न ओतकामाने सोडवला, तळाशी जड खडी आणि माथ्याकडे पाण्यावर तरंगेल असा प्यूमिस दगड मिसळून. माथा उघडा आहे. पाऊस पडला तर सरळ आत पडतो, मधोमध किंचित उंच असलेल्या फरशीवरून ओघळतो आणि फरशीतल्या लहान छिद्रांतून निघून जातो. सुंदरनारायणाच्या मूर्तीवर २१ मार्चला सूर्यकिरण येतात हे जे जाणतात, त्यांनी या माथ्यातून उतरणारा उजेडाचा गोळा भिंतीवर कोठे आहे ते आत शिरताना पाहून ठेवावे आणि निघताना पुन्हा पाहावे. अर्ध्या तासात तो सरकलेला कळतो.

पँथिऑनच्या मागे सांता मारिया सोप्रा मिनेर्वा हे चर्च आहे. त्याच्यासमोर पाठीवर स्तंभ घेतलेला, शिल्पकार बेर्निनीचा हत्ती आहे, लोक त्याची छायाचित्रे घेतात आणि निघून जातात. नाशिककराने मात्र चर्चच्या दर्शनी भिंतीच्या उजव्या कडेला जावे. तेथे लहान शिळा बसवलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर तिबेर नदीचे पाणी कोणत्या साली कोठपर्यंत चढले याची खूण आहे. सर्वांत वरची १५९८ च्या पुराची आहे. आपण 'दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले' असे म्हणतो आणि सगळ्या गावाला पूर किती ते कळते. रोमचा दुतोंड्या म्हणजे ही भिंत.

येथून नावोना चौक पाच-सात मिनिटांवर आहे आणि माझ्या मते दिवसाचा खरा मुक्काम तोच. घाई करून बाकीचे उरकून दोन तास वाचवले असतील तर ते दोन तास येथे खर्च करावेत. चौक लांबट आहे, कारण तो सम्राट डोमिशियनच्या धावण्याच्या मैदानावर बसलेला आहे. मधोमध बेर्निनीचे १६५१ मध्ये पुरे झालेले चार नद्यांचे कारंजे आहे. नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि चौथी गंगा. नाईलने डोक्यावर कापड ओढले आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. मग गंगा शोधावी. हातात लांब वल्हे असलेली, निवांत रेललेली जी आकृती आहे ती गंगा, आणि तिला भरघोस दाढी आहे. रोमन परंपरेत नदी हा पुरुष देव असतो. आमच्यासोबत असलेल्या माझ्या थोरल्या वहिनी, ज्या रोज पहाटे गंगेवर दिवा सोडतात, त्या कारंज्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून आल्या आणि म्हणाल्या, "अहो भावजी, हे गंगामाईचे सासरे असतील." हे वल्हे नदी नौकानयनाला योग्य आहे हे सांगते, म्हणजे कारागिरांनी गंगा पाहिली नसली तरी तिच्याविषयी ऐकले होते.

याच चौकात १६५२ पासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑगस्टच्या शनिवार-रविवारी कारंज्यांची गटारे बंद करून सगळा चौक पाण्याने भरत आणि श्रीमंतांच्या घोडागाड्या त्यातून फिरत. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारणाऱ्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. कारंज्याच्या काठावर बसू नये, चौकातल्या दगडी बाकांवर बसावे, आणि मनगटावर दोरा बांधायला किंवा हातात गुलाब द्यायला येणाऱ्याला हात मागे घेऊन नकार द्यावा. पाकीट पुढच्या खिशात असावे.

ऊन उतरल्यावर नदीकडे निघावे. पोंते सांत'आंजेलो हा पूल हेड्रियननेच आपल्या समाधीकडे जाण्यासाठी बांधला. ती समाधी पुढे पोपचा किल्ला झाली, आणि पुलावरचे दहा देवदूत बेर्निनीच्या आराखड्याचे आहेत. पुलावरून खाली पाहिल्यास नदी दोन उंच दगडी भिंतींमध्ये खोल गेलेली दिसते. १८७० च्या पुरानंतर या भिंती बांधल्या. त्यामुळे रोमला पूर येत नाही, आणि रोमचा माणूस घाटावरही उतरत नाही.

पुलापासून सेंट पीटर्सचा चौक सरळ रस्त्याने दहा मिनिटांवर आहे. आतील दर्शन या दिवसात धरू नये. रांग लांब असते आणि खांदे व गुडघे झाकलेले नसल्यास प्रवेश मिळत नाही. चौकात मात्र कारंजे आणि मधला स्तंभ यांच्या दरम्यान जमिनीत बसवलेली गोल चकती शोधावी. बाहेरून पाहता खांबांच्या चार रांगा, एकूण २८४ खांब, दाटीवाटीने दिसतात. चकतीवर पाय ठेवला की मागचे तीन खांब पुढच्याच्या आड जातात आणि एकच रांग उरते. एक पाऊल बाजूला सरकल्यास चारही परत येतात. तेथून ओत्ताव्यानो हे मेट्रोचे स्थानक जवळ आहे. टाचेला फोड आला असेल तर परतीला तीच गाडी धरावी.